बडोद्यात (किंवा बडोद्यापर्यंत) दहा-बारा पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) परवडतील अशा भावात कुठून करून घ्यावेत?

विश्वामित्रीकाठ

मंडळी नमस्कार. मी समा भागात राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आजवा धरणाचं पाणी आणि वरचा पाऊस एकदम आला आणि विश्वामित्री आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरली, ते बडोदेकरांना सांगायला नको. रात्री अडीचला वॉचमनने बेल वाजवली तेव्हा पाणी स्कूटरच्या सीटला लागलं होतं. खाली उतरायलाही भीती, कारण पाण्याबरोबर मगरी वस्तीत येतात. अकरा घरांच्या गाड्या गेल्या. अर्धा तास आधी कळलं असतं तर सगळ्या बाहेर निघाल्या असत्या.

तेव्हापासून एका यंत्रावर काम करतोय. पार्किंगच्या छताला जलरोधक अल्ट्रासोनिक सेन्सर (जेएसएन-एसआर०४टी), त्याला ईएसपी३२ (छोटा नियंत्रक बोर्ड), आणि सिम८००एल (सिमकार्डवरून फोन लावणारं मॉड्यूल). पाणी पहिल्या पायरीला लागलं की ठरलेल्या नंबरांवर फोन जातो. वायफायवर विसंबलो नाही, कारण पुरात आधी लाइट जाते आणि मग राउटर. झिरो पीसीबीवर (छिद्रांच्या तयार पाटीवर वायरी जोडून) केलेला नमुना एक पूर्ण पावसाळा चालला. आता शेजारच्या चार-पाच सोसायट्यांनाही हवाय. दहा-बारा नग वायरी जोडत करायचे म्हणजे प्रत्येकी दोन रात्री, आणि प्रत्येकात वेगळी चूक.

बोर्ड दोन बाजूंचा, ७६ × ५१ मिमी. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका ठिकाणी विचारलं. माणूस चांगला होता, चहा पाजला, पण म्हणाला, "साहेब, पचास नंग होय तो करी आपुं." पन्नास मला नकोत, दहा हवेत. अनुभवी लोकांनी मार्ग सांगावा.

---

जुना_रेडिओ

तुमच्या कामाचं कौतुक आहे, आधी ते सांगतो.

तो जीआयडीसीवाला पन्नास का म्हणाला ते समजून घ्या, म्हणजे मनात अढी राहणार नाही. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात बोर्ड एक असो की पाचशे, सुरुवातीचं काम तेवढंच: फिल्म काढणं, ड्रिलचा प्रोग्रॅम बनवणं, मास्क (तांब्यावरचा रंगीत संरक्षक थर) आणि छपाईचे स्क्रीन तयार करणं. याला ते टूलिंग म्हणतात. तो खर्च पन्नासांवर वाटला तर नगाला थोडा पडतो, पाचांवर वाटला तर बोर्ड चांदीच्या भावाचा होतो. शिवाय तांब्याचा मोठा पत्रा एकदा यंत्रावर चढला की त्यातला उरलेला भाग वाया.

इंटरनेटवरचे कारखाने वेगळं काय करतात? पन्नास गिऱ्हाइकांची वेगवेगळी डिझाइन्स एकाच मोठ्या पत्र्यावर मांडतात. टूलिंग सगळ्यांत वाटलं जातं. म्हणून तुमच्या पाच नगांनाही त्यांच्याकडे जागा असते, पण अट अशी की तुम्ही त्यांच्या ठरलेल्या साच्यात बसायचं: एफआर-४ (काचतंतूंचा पत्रा), १.६ मिमी जाडी, एक औंस (म्हणजे ३५ मायक्रॉन) तांबं, हिरवा मास्क. यातली एक गोष्ट बदललीत की तुमचा बोर्ड सामायिक पत्र्यातून बाहेर पडला आणि भाव चढला.

आणि घरी का करत नाही? लेझर प्रिंट, ग्लॉसी कागद, इस्त्री, फेरिक क्लोराइड. आम्ही कितीतरी केले.

---

गर्बरवाली

काका, टूलिंगचं अगदी नेमकं सांगितलंत. घरी करण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. एका बाजूचा बोर्ड असेल तर घरी करा. दोन बाजूंचा असेल तर थर जुळवणं आणि प्रत्येक व्हायामध्ये (दोन बाजू जोडणाऱ्या छिद्रात) तार घालून दोन्हीकडून सोल्डर करणं आलं. बारा बोर्ड म्हणजे काही शे छिद्रं हाताने. ओलाव्यात लटकणाऱ्या वस्तूला सोल्डर मास्क हवाच, आणि तो घरी नीट होत नाही. वापरलेलं फेरिक क्लोराइड मोरीत ओतायचं नाही हे तर आहेच. त्यात विरघळलेलं तांबं माशांना आणि पाण्यातल्या बाकी जिवांना घातक असतं, आणि आपल्याकडची मोरी शेवटी विश्वामित्रीकडेच जाते.

आता चीनचं. जेएलसीपीसीबी, पीसीबीवे ही नावं ऐकली असतीलच. शंभर बाय शंभर मिमीच्या आतले दोन थरांचे पाच बोर्ड दोन डॉलर, अशी जाहिरात दिसते आणि ती खरी आहे. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बोर्ड दोन डॉलरचे, कुरिअर त्याच्या कितीतरी पट. त्यावर कस्टम्स. कुरिअर कंपनी आधी केवायसी मागते (आधार किंवा पॅन), मग तुमच्या वतीने ड्यूटी भरते आणि त्या सेवेची फी वेगळी लावते. आयजीएसटी १८ टक्के. शिवाय २०२४ मध्ये आपल्या सरकारने चीन आणि हाँगकाँगहून येणाऱ्या सहा थरांपर्यंतच्या कोऱ्या बोर्डांवर अँटी-डंपिंग ड्यूटी बसवली आहे. हे सगळं फक्त बोर्डाच्या किमतीवर नाही, कुरिअरचं भाडं धरून होणाऱ्या मूल्यावर लागतं. म्हणून महाग कुरिअर निवडलं की दोनदा भुर्दंड.

एवढं असूनही पाच-सहा डिझाइन्स एकदम मागवायची असतील तर हा मार्ग वाईट नाही. एकाच डिझाइनसाठी मात्र मी आता तिकडे जात नाही.

---

मांजलपूर_१९

आम्ही चौघे मित्र वर्षातून दोनदा एकत्र मागवतो. एकाच्या नावावर ऑर्डर, कुरिअर एकच, बिल चौघांत. डिझाइन्स मात्र वेगळीवेगळी टाकतो. एकाच पॅनेलमध्ये (एका जोडपत्र्यात) चार डिझाइन्स कोंबली तर बहुतेक कारखाने जास्तीचे पैसे लावतात आणि चौघांतल्या एकाची चूक सगळ्यांना थांबवते.

---

विश्वामित्रीकाठ

@गर्बरवाली, ताई, मनापासून आभार. कुरिअरच्या भाड्यावरही ड्यूटी लागते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एक कल्पना सुचली. माझे दोन बोर्ड एकमेकांखाली ठेवले तर ५१ + ५१ = १०२. शंभरच्या मर्यादेला दोनच मिमी जास्त! बोर्ड ४९ चा केला आणि मधे दोन मिमीची फट ठेवली तर बरोबर शंभर. मग पाच नगांच्या भावात दहा मिळतील ना? अमेरिकेतल्या ओएसएच पार्कचंही बघितलं, जांभळे बोर्ड फार सुंदर दिसतात. त्यांचा हिशेब तीन प्रतींना चौरस इंचाला पाच डॉलर. माझा बोर्ड सहा चौरस इंच, म्हणजे तीन नगांना तीस डॉलर. ते जमणार नाही.

---

सोल्डरसुगंध

ती दोन मिमीची खटपट करू नका. त्याच वेबसाइटवर संख्येच्या रकान्यात पाचाऐवजी दहा लिहून बघा, इतक्या लहान बोर्डाला फरक थोडाच पडतो. तेवढ्यासाठी तुम्ही पॅनेल करणार, मधे माउसबाइट्स (तोडायला सोपी बारीक छिद्रांची ओळ) ठेवणार, मग करवतीने तोडून कडा घासणार. एफआर-४ ची धूळ म्हणजे काचेचे बारीक तंतू, ती फुप्फुसात जायला नको.

आता मुद्दा. तुम्ही बडोद्यात बसून शेन्झेनचा विचार करताय आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर गांधीनगर आहे! तिथे सेक्टर २५ मध्ये जीआयडीसीची इलेक्ट्रॉनिक्स इस्टेट आहे. पीसीबी पॉवर गांधीनगरचेच, ऑनलाइन गर्बर (कारखान्याला द्यायची डिझाइनची फाइल) टाकली की भाव दिसतो, कमी नगही घेतात. बंगळूरचे लायन सर्किट्स आहेत, त्यांचंही काम ऑनलाइन. पुण्याचे रोबू सुटे भाग विकतात आणि पीसीबीही करून देतात. तिन्हीकडे एकच फाइल टाका आणि शेवटचा आकडा बघा: जीएसटी आणि डिलिव्हरी धरून, दारात पोचेपर्यंतचा. बोर्डाचा नुसता भाव चीनपेक्षा जास्तच दिसेल, त्याने दचकू नका.

माझं सांगणं एवढंच आहे की हिशेब एका फेरीचा करू नका, दोन फेऱ्यांचा करा. पहिल्या बोर्डात काहीतरी चुकतंच. मी पंधरा वर्षं हेच काम करतोय आणि अजून माझ्या पहिल्या आवृत्तीत एखादा जंपर (चूक सुधारायला जोडलेली तार) लागतो. चीनहून स्वस्त कुरिअरने मागवलं तर एका चुकीची किंमत तीन-चार आठवडे. तुमच्या बाबतीत तर तारीख ठरलेली आहे, पाऊस जूनच्या मध्यात येतो. मेमध्ये चूक सापडली आणि दुसरी फेरी जुलैत आली, तर वाचलेले पाचशे रुपये कोणाच्या गाडीच्या कामाचे?

---

जुना_रेडिओ

सोल्डरसुगंध यांचं पटलं. घरी करण्याचा आग्रह मागे घेतो. पण पहिला एक नग घरी कोरून तपासायला हरकत नसावी, छिद्रं जुळतात का तेवढं कळेल.

---

गर्बरवाली

त्यासाठी कोरायचीही गरज नाही काका. साध्या कागदावर १:१ प्रिंट काढायचं, थर्मोकोलवर ठेवायचं आणि खरे पार्ट त्यातून खोचून बघायचे. प्रिंटरमध्ये "पानात बसवा" हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर ९६-९७ टक्क्यांवर छापतो आणि सगळं थोडं थोडं सरकतं. प्रिंटवर आधी पट्टीने बोर्डाची कड मोजा.

@विश्वामित्रीकाठ, डिझाइन टाकता का इथे? कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय, कीकॅड की ईझीईडीए?

---

विश्वामित्रीकाठ

कीकॅड. आराखडा आणि दोन्ही बाजूंची चित्रं जोडली आहेत. वरच्या उजव्या कोपऱ्यात रिले (विजेवर चालणारा स्विच) आहे, त्यावर २३० व्होल्टचा भोंगा लावायचा विचार आहे. खालच्या थरात सगळीकडे ग्राउंडचं तांबं ओतलं आहे. डीआरसीत (सॉफ्टवेअरच्या आपोआप तपासणीत) एकही चूक येत नाही.

---

सोल्डरसुगंध

वेळ काढून बघितलं. डीआरसी फक्त रेषांमधली अंतरं आणि जोडण्या तपासतं, डोकं तपासत नाही. क्रमाने लिहितो.

रिले आणि भोंगा काढून टाका. तुम्हीच वर लिहिलंय की पुरात आधी लाइट जाते. मग २३० व्होल्टचा भोंगा वाजणार कशावर? आणि पाणी चढणाऱ्या जागेत मेन्सची तार तुमच्या बोर्डावर आणायचीच कशाला? बोर्डावर २३० व्होल्ट असता तर मी त्याच्या आणि बाकीच्या सर्किटमध्ये सहा ते आठ मिमी मोकळी जागा आणि मधे खाच मागितली असती. तुमच्या चित्रात दीड मिमीही नाही. फोन जातोय तेवढं पुरे. जागेवर आवाज हवाच तर बॅटरीवरचा छोटा बझर लावा.

सिम८००एल नेटवर्क पकडताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. तुम्ही त्याला पाव मिमीची रेघ दिली आहे. व्होल्टेज पडतं, मॉड्यूल रीसेट होतं, आणि माणूस सिमकार्डला दोष देत बसतो. एक औंस तांब्याला दोन अँपिअरसाठी निदान ०.८ मिमी हवी. तुमच्याकडे जागा आहे, दोन मिमी द्या. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याच्या पायांना चिकटून हवा. तुमचा बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथे तो निरुपयोगी. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट चालतात, म्हणून १८६५० (लिथियम) सेलवरून थेट द्या. पाच व्होल्टच्या बूस्ट मॉड्यूलवरून देऊ नका.

ईएसपी३२ च्या अँटेनाखाली तुम्ही ग्राउंड ओतलं आहे. अँटेनाच्या खाली आणि आसपास तांबं नको. मॉड्यूलचं ते टोक बोर्डाच्या कडेला आणा, जमल्यास बाहेर काढा.

सेन्सरचा इको पाय पाच व्होल्ट देतो, ईएसपी३२ ला ३.३ च्या वर द्यायचे नाहीत. तुमच्या झिरो पीसीबीवर दोन रोधक दिसतायत (१० के आणि २० के), या आराखड्यात ते राहून गेले.

---

मांजलपूर_१९

सिम८००एल टूजीवर चालतं. जिओचं कार्ड घातलंत तर नेटवर्कच मिळणार नाही, कारण जिओकडे टूजी नाही. दुसऱ्या कंपनीचं घ्या. इतर सोसायट्यांना देताना हे कागदावर लिहून द्या, नाहीतर कोणीतरी बदलेल.

---

गर्बरवाली

फाइली पाठवताना ड्रिल फाइल वेगळी असते हे विसरू नका. कीकॅडमध्ये गर्बर काढण्याचं बटण आणि ड्रिल काढण्याचं बटण वेगळं आहे. झिप केल्यावर ती गर्बर व्ह्यूअरमध्ये नव्याने उघडा आणि कारखान्यातला माणूस बघेल तसं बघा: दोन तांबं, दोन मास्क, छपाई, बाहेरची कड, छिद्रं. कड बंद आकृती आहे ना, तेही.

फिनिश साधं एचएएसएल (सोल्डरचा लेप) घ्या. सोन्याच्या मुलाम्याचं (एनिग) दिसायला छान, पण तुमचे सगळे पार्ट पायांचे आहेत, पैसे वाया.

---

विश्वामित्रीकाठ

काल रात्री कागदाचं प्रिंट काढलं. कड मोजली, ७६ ला ७६. थर्मोकोलवर ठेवलं, सेन्सरचं मॉड्यूल बसलं, सिमचं बसलं. ईएसपी३२ ची पिनांची डावी ओळ बसली आणि उजवी ओळ बरोबर एक घर बाहेर.

आधी वाटलं प्रिंट चुकलं. मग व्हर्नियर काढला. माझ्याकडच्या ईएसपी३२ च्या दोन ओळींमधलं अंतर २५.४ मिमी. इंटरनेटवरून घेतलेल्या फुटप्रिंटमध्ये (भागाच्या छिद्रांच्या मांडणीत) २२.८६. फरक २.५४, म्हणजे पूर्ण एक छिद्र. नाव तेच, चित्रही तेच, पिनांची संख्याही तीच. आता दुकानातून एकाच मालातले बारा ईएसपी३२ आधी आणले, मोजले, आणि मगच फुटप्रिंट दुरुस्त केला.

ताई, हा कागद नसता तर बाराच्या बारा बोर्ड फेकायला लागले असते. पन्नास पैशांचं प्रिंट.

रिले काढला. त्या जागेत सिमची जाड रेघ आणि कपॅसिटर आले. बोर्ड लहान झाला, ७० × ४८.

---

जुना_रेडिओ

शाबास! भाग आधी हातात, मग फुटप्रिंट. हाच क्रम.

---

विश्वामित्रीकाठ

ऑर्डर दिली. तीन देशी ठिकाणी भाव काढला आणि चीनचाही, दारात पोचेपर्यंतचा. पाच नगांना चीन थोडं स्वस्त पडत होतं, दहाला देशी जवळजवळ बरोबरीत. सोल्डरसुगंध दादांचं "दोन फेऱ्यांचा हिशेब" डोक्यात होतं, म्हणून देशातच दिली, आणि आधी पाचच. बाकीचे हे पाच तपासून झाल्यावर. फाइल चढवल्यावर त्यांच्याकडून एक शंका आली, एका छिद्राभोवतीचं तांबं फार कमी आहे म्हणून. दुरुस्त करून पाठवलं.

---

मांजलपूर_१९

पाचच मागवलेत हे उत्तम केलंत. बोर्ड आले की फोटो टाका.

---

विश्वामित्रीकाठ

नवव्या दिवशी आले. हवा काढून बंद केलेल्या पाकिटात, हिरवे, पांढऱ्या अक्षरांत सोसायटीचं नाव. आई म्हणाली, "हे तू केलंस?" आणि कितीतरी वेळ उजेडात धरून बघत राहिली.

पहिला जोडला. सेन्सर चालला, फोन गेला. बझर गप्प. अर्धा तास मल्टिमीटर घेऊन बसलो. चूक माझीच: आराखड्यात २एन३९०४ ट्रान्झिस्टर घेतला होता आणि हातात बीसी५४७. सपाट बाजू समोर धरली तर २एन३९०४ चे पाय एमिटर-बेस-कलेक्टर, बीसी५४७ चे कलेक्टर-बेस-एमिटर, अगदी उलटे. पण बेस दोघांतही मधे! ट्रान्झिस्टर काढून फिरवून बसवला आणि बझर वाजला. छपाईत सपाट बाजू एकीकडे आणि ट्रान्झिस्टरची दुसरीकडे दिसते, एवढंच. दुसऱ्या फेरीत ते सुधारेन.

---

सोल्डरसुगंध

एकाही जंपरशिवाय पहिली आवृत्ती चालली, फार छान. आता दोन कामं राहिली. सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने नीट धुवा. तो राहिला तर पावसाळी हवेत ओलावा धरतो आणि सिग्नल गळायला लागतात. मग पीसीबी लॅकरचे दोन पातळ हात द्या, कनेक्टर आणि सिमच्या खाचेवर आधी टेप लावून. आणि जेएसएन सेन्सरला जवळचे वीस-पंचवीस सेंटिमीटर दिसत नाहीत, तेव्हा छताखाली कुठे बसवताय त्याचं माप त्या हिशेबाने धरा.

---

विश्वामित्रीकाठ

दोन्ही केलं. रविवारी पार्किंगमध्ये सेन्सरच्या खाली प्लास्टिकचा टब ठेवला आणि पाइपने भरत गेलो. पाणी खुणेला लागलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा फोन वाजला, मग वॉचमनचा, मग माझा. मुलं टाळ्या वाजवत होती.

सुधारलेल्या डिझाइनचे आणखी दहा मागवलेत. पहिल्या पाचांतले तीन जोडून झाले, दोन कोरे शिल्लक आहेत, ट्रान्झिस्टर उलटा बसवावा लागेल एवढं लक्षात ठेवून. कारेलीबाग, फतेगंज, समा, कुठेही नदीकाठच्या सोसायटीत कोणाला हवे असतील तर इथेच कळवा, मी आणून देतो. जोडायला मदतही करेन.